एका दिवसात दोन ऋतू: नागपूरच्या हिवाळ्यासाठी दिनक्रम

डिसेंबरच्या मध्यावर नागपुरात पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि दुपारी दोनला २७-२८ वर. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर ऊब सोडून देते. त्यात उत्तरेकडून वारा उतरला की गारठा आणखी वाढतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. पण तशा रात्री हंगामात मोजक्याच. शरीराला खरा ताण पडतो तो रोजच्या पंधरा-सोळा अंशांच्या चढउताराचा. आपला दिनक्रम मात्र ऑक्टोबरचाच राहतो: पाचला फिरायला, उठल्याबरोबर अंघोळ, अंगावर दिवसभर एकच जाड स्वेटर, आणि तहान नाही म्हणून पाणी नाही.

म्हणून इथे कपाटापेक्षा घड्याळ आधी बदलावे लागते. कोणते काम किती वाजता करायचे हे ठरले की निम्मे त्रास टळतात.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात करायची तयारी

वर्षभर पेटीत राहिलेल्या स्वेटर, शाली, रजया थेट अंगावर घेऊ नका. त्यांत धूळ असते, डांबरगोळ्यांचा वास मुरलेला असतो. धुता येतील ते धुवा. बाकीचे दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी उलटून, सुकवा आणि झटकून घ्या. झटकणे घराबाहेर करा आणि दम्याच्या माणसाकडे हे काम देऊ नका. तान्ह्या बाळाचे कपडे मात्र धुतल्याशिवाय वापरूच नका. डांबरगोळीतील नॅफ्थलीनमुळे जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाला आहे की नाही, हे बहुतेक घरांत माहीतच नसते. बाळाच्या कपाटात डांबरगोळ्या नकोतच. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरतो.

घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर सात दिवसांची नोंदवही याच आठवड्यात भरा. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. उन्हाळ्यात पुरणारी गोळी जानेवारीत कमी पडू शकते. रोज सकाळी औषध घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पट्टा उघड्या दंडावर बांधा. स्वेटरवरून बांधला तर आकडा चुकतो, आणि जाड बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर बसला तरीही चुकतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने वाढवू नका.

फ्लूची लस घ्यायची तर तीही याच सुमारास. तिचा उपयोग सुरू व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. पासष्टीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांनी ती टाळू नये.

रात्र

शेगडीपासूनच सुरुवात करतो, कारण एवढी एकच चूक जिवावर बेतते. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे बंद खोलीत घेऊन झोपू नका, मग बाहेर कितीही हुडहुडी भरो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथे घात करतो, कारण फुललेला, धूर न करणारा निखाराही हा वायू सोडतो. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोके जड होणे, चक्कर, मळमळ असे झाले तर आधी दारे उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शेकोटी आंगणात, झोपण्याआधी पूर्ण विझवून.

खोली उबदार ठेवायची तर दुपारचे ऊन घरात घ्या. दक्षिण आणि पश्चिमेकडच्या खिडक्यांचे पडदे साडेअकरा ते चार उघडे ठेवा. पाच वाजले की खिडक्या लावून पडदे ओढा. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर तासाभरात गारवा जाणवतो, तेवढ्या अवधीत घर मिटून घेतले तर भिंतींची ऊब बरीच टिकते. एक खिडकी मात्र रात्रभर दोन बोटे उघडी असू द्या. चार माणसे बंद खोलीत झोपली की एकाचा खोकला चौघांना मिळतो.

गादीखाली गार फरशी असेल तर वर दोन रजया घेऊनही पाठ गार राहते. खाली चटई, तिच्यावर गोधडी, मग गादी. ऊब खालून जाते हे ध्यानात घेतले की पांघरुणांचा ढीग कमी होतो. पांघरूणही एकच जड घेण्याऐवजी दोन हलकी घ्या. पहाटे नेमके किती लागते ते सरकवता येते. पंखा बंद झाला की डास वाढतात आणि बंद खोलीत कॉईल पेटवली जाते. तिचा धूर दम्याच्या माणसाला थंडीपेक्षा जास्त छळतो. मच्छरदाणी लावा.

गरम पाण्याची पिशवी दोन-तृतीयांश भरा, उरलेली हवा दाबून काढून मग झाकण लावा, टॉवेलात गुंडाळा. उकळते पाणी नको. अंथरूण ऊबदार झाले की झोपण्यापूर्वी ती काढून ठेवा.

पहाट, आणि फिरायला जाण्याची वेळ

दिवसातला सर्वांत गार क्षण सूर्योदयाच्या आसपासचा. जानेवारीत इथे सूर्य ६ वाजून ५० मिनिटांच्या पुढे-मागे उगवतो. त्यामुळे साडेपाचला अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावर पोहोचणारा माणूस दिवसातल्या नेमक्या थंड तासात चालत असतो. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते. वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. वाहनांचा धूर, पालापाचोळा आणि कचरा जाळल्याचा धूर त्याच थरात अडकतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, हवा वर उठते आणि हा थर सुटतो. पहाटेची हवा शुद्ध, ही समजूत हिवाळ्यातल्या शहराला लागू पडत नाही.

तब्येत धडधाकट असेल तर साडेसातनंतर निघा. वय साठीच्या पुढे, दमा किंवा हृदयविकार असेल तर साडेआठ-नऊ, नाहीतर संध्याकाळी साडेचार ते साडेपाच. नोकरीमुळे पहाटेच जमत असेल तर घरातच व्यायाम करा. चालणे महत्त्वाचे, तळ्याचा काठ नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर शहराचा हवा निर्देशांक दिसतो. २०० च्या वर असेल त्या दिवशी दम्याच्या रुग्णाने बाहेर पळू नये.

झोपेतून जाग आल्यावर झटक्यात उठू नका. पांघरुणातच हातापायांची बोटे, घोटे, मनगटे वीसेक वेळा फिरवा. मग बसते व्हा, एक-दोन मिनिटे पाय खाली सोडून बसा, खांद्यावर शाल घ्या आणि मगच उभे राहा. उशाशी शाल आणि पलंगाजवळ चपला ठेवायची सवय लावली तर म्हाताऱ्या माणसांचे रात्रीचे पडणेही कमी होते.

चालायला निघण्यापूर्वी घरात आठ-दहा मिनिटे अंग गरम करा: जागच्या जागी चालणे, खांदे फिरवणे, खुर्चीवर बसून-उठून १०-१२ वेळा. गार सांध्यांनी एकदम वेग घेतला की गुडघा आणि पोटरी धरतात. पहिली पाच मिनिटे हळू, शेवटची पाच मिनिटे हळू. श्वास नाकाने घ्या, म्हणजे हवा छातीत जाईपर्यंत थोडी उबदार होते. नाकावर सुती रुमाल किंवा मफलर असला तर आणखी बरे. ज्यांना इन्हेलर, म्हणजे पंप, दिलेला आहे त्यांनी तो व्यायामाआधी घ्यायचा का आणि किती वेळ आधी, हे डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. चालून आल्यावर घामेजलेला आतला कपडा लगेच बदला. ओला बनियन अंगावर ठेवून चहा-तर्री पोह्यांच्या टपरीवर अर्धा तास गप्पा मारल्या की चालून कमावलेली ऊब जाते आणि अंग शहारते.

अंघोळ

अंघोळ उठल्याबरोबर नको. न्याहारीआधी असो वा नंतर, पण जागे होऊन तासभर झालेला असावा. कडाक्याच्या दिवसांत वृद्धांनी अकरा-साडेअकराला, घर तापल्यावर केली तर उत्तम. सकाळची देवपूजा हातपाय धुऊन होऊ शकते.

पाणी ३७ ते ४० अंश, म्हणजे कोपर बुडवल्यावर सुखद लागेल इतके. हाताच्या तळव्याने पारखू नका, कष्टाच्या हाताला चटका उशिरा कळतो. गीझरचे पाणी ६० अंशांचे आणि टाकीचे १८ अंशांचे धरले तर २० लिटरच्या बादलीत साडेदहा लिटर गार आणि साडेनऊ लिटर गरम, म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे. आधी गार पाणी भरा, मग गरम. उलट केले आणि मध्येच लहान मुलाने हात घातला तर भाजते.

कढत पाण्याने अंग शेकणे बरे वाटते, पण त्वचेवरचे नैसर्गिक तेल त्याने धुऊन जाते. मग दुपारपर्यंत पिंढऱ्यांवर पांढरे ओरखडे उठतात, खाज सुटते, आणि रात्री खाजवून जखमा होतात. त्वचा उलते ती थंडीने आणि कोरड्या हवेने, पण तिला सर्वांत मोठा हातभार कढत पाणी आणि साबण लावतात. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरका. साबण फक्त काखा, जांघा, पाय आणि जिथे मळ आहे तिथे. हातापायांना रोज नको. टॉवेलने घासू नका, टिपा. आणि अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. त्वचेतले पाणी त्याखाली अडकून राहते. पूर्ण कोरड्या अंगावर तासाभराने लावलेल्या तेलाला हे जमत नाही.

नागपूरच्या हिवाळ्यात खोबरेल थिजते, कारण ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होते. म्हणजे ते खराब झालेले नाही. बाटली गॅसवर धरू नका. गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटे ठेवा. तान्ह्या बाळाला मोहरीचे तेल चोळू नका, त्याने नाजूक त्वचेचे आवरण बिघडते. अंघोळीआधी तेल लावून घेणार असाल तर ते पाटावर बसून, आणि उठण्यापूर्वी तळवे पुसून. न्हाणीघरात घसरून मोडलेले खुब्याचे हाड सगळा हिवाळा अंथरुणात घालवायला लावते.

आता पाणी तापवण्याविषयी. पाण्यात सोडायचा रॉड अजून अनेक घरांत आहे. १५०० वॉटचा रॉड २० लिटर पाणी १८ वरून ४० अंशांवर न्यायला साधारण वीस मिनिटे घेतो. तो सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावू नका. त्याला साडेसहा अँपिअर वीज लागते, सॉकेट तापून वितळते. सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला तीन पिनांचा पॉइंटच हवा. बादली प्लास्टिकची, रॉड कोरड्या लाकडी दांडीवर टांगलेला, बादलीला न टेकणारा आणि त्यावरच्या खुणेपर्यंत बुडालेला. क्रम असा: बादली भरा, रॉड ठेवा, मग बटण सुरू करा, काढताना बटण बंद, पिन बाहेर, अर्धा मिनिट थांबा, मग रॉड काढा. पाणी तापले का हे बोट घालून बघण्याची सवय दरवर्षी माणसे मारते. बटण चालू असताना पाण्याला हात नाही, हा नियम घरातल्या लहानांनाही पाठ हवा.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत नकोच. आत बसवलेला असेलच तर खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि त्यानंतर दार लावा. शेगडीचा तोच वायू इथेही तयार होतो, आणि जागा कितीतरी लहान. बंब आंगणातच पेटवा.

कपडे आणि दुचाकी

तीन थर: आत घाम शोषणारा सुती कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारे जाकीट. एक जाडजूड स्वेटर घातला तर अकरा वाजता तो काढून आत फक्त शर्ट उरतो किंवा अंगावर ठेवून घाम येतो. थर असले की एकेक उतरवता येतात. सकाळी सातच्या शाळेला जाणाऱ्या मुलांना स्वेटर काढून दप्तरात ठेवायला शिकवा. भर उन्हात स्वेटरसकट खेळून घामाघूम झालेले मूल संध्याकाळी तेच ओले कपडे घालून गारठते.

दुचाकीवर थंडी वेगाने वाढते. हवा १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती सुमारे ६ अंशांसारखी लागते. लोकरीतून वारा आरपार जातो, म्हणून वरचा थर वाऱ्याला अडवणारा हवा. हातमोजे घाला, बधिर बोटांनी ब्रेक उशिरा लागतो. कानटोपी हेल्मेटच्या आत मावेल अशी पातळ घ्या, जाड टोपीवर हेल्मेट सैल बसते आणि अपघातात निघून जाते. आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा गळ्याभोवती जाड मफलर किंवा कॉलर असल्याशिवाय गाडी काढू नका. संक्रांतीच्या पतंगांचा नायलॉन मांजा बंदी असूनही रस्त्यांवर आडवा येतो आणि गळा कापतो. लहान मुलाला पुढे टाकीवर बसवू नका, तेही याच कारणाने.

दुपार

कोवळ्या उन्हात बसून ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. ते बनवणारे किरण सूर्य वर असतानाच पुरेसे पोहोचतात. साधी खूण: आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड असावी. २२ डिसेंबरला नागपुरात भर माध्यान्हीही, म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास, सावली जवळपास उंचीएवढीच असते. तेव्हा हंगामभर अकरा ते दीड ही वेळ धरा. हात, पाय, मान उघडी ठेवून वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. दुपारच्या जेवणानंतर गच्चीवर शेंगा सोलत बसणाऱ्या आज्यांना हे कुणी शिकवले नव्हते, पण वेळ त्यांची बरोबर होती.

पाण्याचे भान याच वेळी ठेवा. थंडीत तहान कमी लागते, लघवी मात्र वाढते, आणि कोरडी हवा श्वासावाटे पाणी नेत राहते. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, मुतखड्याची कळ. तहानेची वाट पाहू नका. सकाळी एक लिटरच्या थर्मासमध्ये कोमट पाणी भरा, तो जेवणापर्यंत संपवा; जेवणानंतर संध्याकाळपर्यंत दुसरा. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसे आहे, गडद झाली तर वाढवा. रात्री सातनंतर कमी करा, नाहीतर गारठ्यात दोनदा उठावे लागते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे माप डॉक्टरांनी ठरवलेलेच पाळा.

ताट

हा ऋतू विदर्भात खाण्याचा आहे, आणि बाजारच निम्मे काम करतो. तुरीचे ओले सोले, वालाच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, पालक, मुळा, गाजर, भरताची वांगी, आवळा, बोरे आणि आंबिया बहाराची संत्री. दुपारच्या ताटात एक पालेभाजी, एक ओला दाणा आणि एक कच्चे, एवढे जमवा. सोलेभातात तांदूळ आणि सोले समान मापाने घेतले तर प्रथिने बरी मिळतात. तीन वाट्या तांदळात मूठभर सोले टाकून ते होत नाही. हरभऱ्याच्या कच्च्या पाल्याचा घोळाणा करताना पाने तीन पाण्यांतून धुवा, शेवटचे पाणी मिठाचे, आणि वर लिंबू पिळा. लिंबाने पानांतले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटे होते, तासाभराचे अंतर ठेवा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. रोज सारख्या प्रमाणात खाव्यात.

जवसाची चटणी या दिवसांत घरात असावी. १०० ग्रॅम जवस मंद आचेवर पाच-सहा मिनिटे भाजा. तडतड कमी झाली की उतरवा. मोठ्या आचेवर भाजले तर वरून करपते, आत कच्चे राहते आणि कडवट लागते. सात-आठ सुक्या लाल मिरच्या (भिवापुरी मिळाल्या तर रंग आणि झणका दोन्ही), आठ लसूण पाकळ्या कोरड्या परतून, एक चमचा जिरे, पाऊण चमचा मीठ. सगळे पूर्ण गार झाल्यावरच वाटा. गरम वाटले की तेल सुटून गोळा होतो. थोडीच करा, आठ-दहा दिवसांची. वाटलेल्या जवसातले तेल लवकर खवट होते. रोज एक-दोन चमचे पुरे. अख्खे जवस न चावता गिळले तर तसेच बाहेर पडते.

डिंक, मेथी, तीळ यांचे लाडू ऊब देतात ते त्यातल्या तूप-गुळाच्या ऊर्जेमुळे. तीस-पस्तीस ग्रॅमच्या एका डिंकाच्या लाडूत साधारण दीडशे कॅलरी असतात. दोन लाडू म्हणजे तीन पोळ्या. सकाळी एक खाल्ला तर न्याहारीतून तेवढे कमी करा. सांबारवडी, पातोडी, सावजी रस्सा हे आठवड्याच्या एका जेवणाला. थंडीत भूक वाढते, हालचाल घटते, आणि मार्चमध्ये काटा तीन किलो पुढे दिसतो.

संत्र्याने सर्दी होते हे खरे नाही. दिवसाला एक-दोन संत्री, दुपारी, रस न काढता फोडी खाव्यात. मधुमेह असेल तर एक. आवळ्यात त्याहून कितीतरी जास्त ‘क’ जीवनसत्त्व असते: एका आवळ्याच्या फोडी, मीठ आणि चिमूट हळद. मोरावळ्यात साखरही तेवढीच जाते हे लक्षात घ्या.

सर्दी-खोकला झालाच तर

सर्दी विषाणूने होते, गार वाऱ्याने नव्हे. गारठ्यात आपण दारे मिटून जवळजवळ बसतो, म्हणून ती पसरते. घरी आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणे, खोकणाऱ्याने रुमाल धरणे आणि वेगळ्या खोलीत झोपणे यांनी फरक पडतो. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. उरलेल्या जुन्या गोळ्या काढून घेऊ नका.

घसा धरला तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार गुळण्या. हळदीच्या दुधात अर्धा चमचा हळद पुरते. त्याने सर्दी लवकर जात नाही, पण घशाला ऊब बरी वाटते. वाफ प्रौढांनी घ्यावी, भांडे टेबलावर स्थिर ठेवून, पाच-सात मिनिटे. मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ बसवू नका. भाजण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

लहान मुलाला ताप-खोकला असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. न्यूमोनियाची ही खूण तापाच्या आकड्यापेक्षा भरवशाची आहे.

ज्यांनी जास्त जपायचे

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि हिवाळ्यावरच्या लेखांत त्यांचा उल्लेख क्वचित येतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या आणि पाणी कमी पडले की त्या पेशी अडकतात आणि हाडांत असह्य वेदना सुरू होतात. त्यांच्यासाठी उबदार कपडे हे औषधच आहे. थर घरातच घालून मग बाहेर पडायचे, गार पाण्याची अंघोळ आणि पोहणे वर्ज्य, ओले कपडे तत्काळ बदलायचे, पाण्याची बाटली शाळेतही सोबत. शिक्षकांना सांगून ठेवा, म्हणजे पाणी पिण्याला आणि लघवीला जाण्याला कुणी अडवणार नाही. फॉलिक अॅसिड आणि दिलेली असेल तर हायड्रॉक्सियुरिया एकही दिवस चुकवू नका. दुखऱ्या जागी बर्फ नाही, कोमट शेक. ताप ३८.५ अंश सेल्सियस, म्हणजे १०१.३ फॅरनहाइटवर गेला, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

मधुमेहाच्या रुग्णांनी रोज रात्री उजेडात तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. संवेदना कमी असेल तर गरम पिशवी, हीटर, शेकोटी यांपासून पाय दूर; भाजल्याचे कळतच नाही. टाचेच्या भेगा ब्लेडने तासू नका. इतरांनी कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवावेत, वजरीने हलके घासावे, टिपून व्हॅसलीन लावावे आणि सुती मोजे घालून झोपावे. दहा-बारा रात्री सलग केल्याशिवाय फरक दिसत नाही. मधुमेह्यांनी पाय भिजवत न ठेवता फक्त धुऊन, टिपून मलम लावावे, बोटांच्या बेचक्यांत नको.

तान्ह्या बाळाला आपल्यापेक्षा एक थर जास्त, डोक्याला टोपी. गरम झाले का हे हातापायांवरून नव्हे, मानेमागे बोट लावून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. तोंडावर येईल असे पांघरूण नको.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, विनाकारण घाम. किंवा तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात खाली पडणे, बोलणे अडखळणे: ही लक्षणे पहाटे दिसली तरी उजाडण्याची वाट पाहू नका, १०८. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा.

फेब्रुवारीच्या अखेरीस

नागपुरात थंडी हळूहळू जात नाही, आठवड्याभरात ऊन चटके देऊ लागते. लोकरी कपडे धुऊन, पूर्ण वाळवून मगच पेटीत. किंचित ओल राहिली तरी बुरशीचा वास बसतो. फिरायची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी लवकर करत जा. आणि रक्तदाबाची ती नोंदवही पुन्हा सात दिवस भरा. हिवाळ्यात वाढवलेली गोळी उन्हाळ्यात जड पडते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते; वरचा आकडा ११० च्या खाली उतरू लागला किंवा चक्कर येऊ लागली तर डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.